‘१७ ज्वेल्स’ म्हणजे दागिना नव्हे

चावीच्या जुन्या घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ दिसलं की आत मौल्यवान माणकं आहेत, मोडीत चांगले पैसे येतील, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. ही माणकं कृत्रिम असतात. ऑग्यूस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ती बनवण्याची पद्धत जाहीर केली आणि ती अगदी स्वस्त झाली.

त्यांचं खरं मोल कामात आहे. चक्रांच्या आसाची केसासारखी बारीक टोकं या टणक, गुळगुळीत खड्यांच्या भोकांत फिरतात. बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलत घड्याळाची गती राखणारं चक्र, तर तासाला साधारण १८,००० हेलकावे घेतं! तिथे नुसतं पितळ लवकर झिजलं असतं. साध्या तीन काट्यांच्या घड्याळाला १७ खडे पुरतात. एचएमटीच्या ‘जनता’तही तेवढेच. खड्यांच्या लोभाने असं घड्याळ कृपया फोडू नका. साफसफाई, तेलपाणी करून हातावर बांधा.