दोन जिवांची, म्हणून दुप्पट जेवण?

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." सल्ला मायेचा, पण चुकीचा. पहिल्या तीन महिन्यांत सहसा जादा उष्मांक लागतच नाहीत. मधल्या तिमाहीत रोज साधारण ३४० आणि शेवटच्या तिमाहीत ४५० जास्त पुरतात.

प्रश्न फक्त आईच्या वजनाचा नाही, बाळाच्या यकृताचाही आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन मात्र जात नाही. साखर वाढली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं आणि जादा साखरेची चरबी होते. त्वचेखाली चरबी साठू लागते ती मुख्यतः शेवटच्या महिन्यांत, म्हणून त्याआधी आलेला जादा भार यकृतावर पडतो. स्थूलता किंवा गरोदरपणातला मधुमेह असलेल्या मातांच्या नवजात बाळांच्या यकृतात एमआरआय तपासणीत जास्त चरबी आढळली आहे. पुढे या मुलांना फॅटी लिव्हरचा धोका वाढतो, आणि त्यात दारूचा काहीही संबंध नसतो.

उपाशी मात्र राहू नका. कुपोषणही बाळाला तितकंच घातक. आणि कृपया आईला दोष देऊ नका. धोका वाढतो म्हणजे आजार होणारच, असं नाही. २४ ते २८ आठवड्यांदरम्यान साखरेची तपासणी जरूर करून घ्या.