हार्डी–रामानुजन सहकार्य

केंब्रिजचे गणितज्ञ गॉडफ्री हॅरल्ड हार्डी (१८७७–१९४७) आणि श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांनी १९१४ ते १९१९ या काळात मिळून केलेले संशोधन. हार्डी नास्तिक, सिद्धतेवाचून एक पाऊल न टाकणारे, रामानुजन एफ.ए. (तेव्हाची इंटर) परीक्षेत नापास झालेले, सूत्रे कुलदेवता नामगिरी देवीच्या कृपेने सुचतात असे मानणारे.

मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून असताना रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी हार्डींना पत्र लिहिले. सोबत सूत्रांची पानेच्या पाने होती. सिद्धता जवळजवळ नव्हतीच. अविभाज्य संख्यांविषयीचे काही दावे चुकीचेही होते. हार्डी आणि त्यांचे सहकारी गणितज्ञ लिटलवुड यांनी ती पाने बारकाईने तपासली. काही सूत्रांपुढे हार्डींनी हात टेकले. ही खरीच असणार, कारण खोटी रचण्याइतकी कल्पनाशक्ती कोणाकडे असेल, असे त्यांना वाटले. एप्रिल १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला पोहोचले. लगेच महायुद्ध पेटले, लिटलवुड तोफखान्याच्या गणितांकडे वळले आणि ट्रिनिटी कॉलेजात हे दोघेच उरले.

टॅक्सीच्या १७२९ (दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी सर्वांत लहान संख्या) या क्रमांकाची गोष्ट सर्वतोमुखी आहे, पण या जोडीचे मर्म कळायला २०० ही संख्या अधिक उपयोगी. धन पूर्णांक किती प्रकारे बेरजेत मांडता येतो, हा विभाजनाचा प्रश्न. ४ ची विभाजने पाच : ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. २०० ची मात्र ३९,७२,९९,९०,२९,३८८, म्हणजे सुमारे चार लाख कोटी. हा आकडा गणितज्ञ मॅकमहॉन यांनी हाताने आकडेमोड करून काढला होता. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या हार्डी–रामानुजन सूत्राची केवळ आठ पदे मिळवली, तर उत्तर येते त्याच आकड्यापुढे दशांश ००४. इतके अचूक सूत्र असलेच पाहिजे, हा हट्ट रामानुजन यांचा; ते गाठण्यासाठी लागणारे संमिश्र विश्लेषणाचे (संमिश्र संख्यांवरील फलनांच्या गणिताचे) हत्यार हार्डींचे. एकट्याला हे जमले नसते. त्यातूनच 'वर्तुळ पद्धती' (संख्यांचे असे प्रश्न वर्तुळावरील संकलनाने सोडवण्याची रीत) जन्मली आणि पुढे हार्डी–लिटलवुड यांनी ती विस्तारली. गणितज्ञ राडेमाखर यांनी १९३७ मध्ये याच वाटेने विभाजनांचे तंतोतंत सूत्र मिळवले. दोघांचा १९१७ चा दुसरा निष्कर्षही मोलाचा : बहुतेक संख्यांना (संख्या न असेल तर) सुमारे लॉग लॉग न, म्हणजे न च्या लॉगरिदमचा पुन्हा लॉगरिदम, इतकेच भिन्न अविभाज्य अवयव असतात.

रामानुजन कट्टर शाकाहारी, स्वतः रांधून खाणारे. युद्धकाळात त्यांच्या जेवणाची आबाळ झाली. १९१७ मध्ये ते आजारी पडले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि ट्रिनिटीची फेलोशिप १९१८ मध्ये मिळाली, तोवर प्रकृती ढासळली होती. मार्च १९१९ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरून मद्रासला गेले. १२ जानेवारी १९२० च्या पत्रात त्यांनी हार्डींना 'मॉक थीटा' फलनांचा (थीटा फलनांसारख्या वागणाऱ्या नव्या फलनांचा) नवा शोध कळवला. २६ एप्रिलला, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शेवटच्या वर्षातील हस्तलिखित पाने १९७६ मध्ये गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना ट्रिनिटीच्याच ग्रंथालयात सापडली.