हृदयाचा स्टेंट पायात का चालत नाही

'नस' या एका शब्दाने पायाच्या आजारांत मोठा घोळ घातला आहे. मणक्यात मज्जातंतू दबला तरी 'नस दबली', पोटरीवर निळी शीर वर आली तरी 'नस फुगली', आणि मांडीतली धमनी चरबी-चुन्याने बुजली तरी 'नस ब्लॉक'. आजार तीन, डॉक्टर तीन, शब्द एक. मग मालीशवाला, मणक्याचा एमआरआय, शिरांचे लेझर असे वळसे घेत धमनीचा रुग्ण उशिरा योग्य दारात पोहोचतो आणि तिथे ऐकतो, 'पायात स्टेंट टाकावा लागेल.' त्यावर घरच्यांचा ठरलेला प्रश्न : 'म्हणजे हार्टमध्ये टाकतात तोच ना?'

तो नव्हे. स्टेंट म्हणजे धमनी आतून उघडी धरून ठेवणारी धातूची जाळीदार नळी, पण पायातली वेगळी. पण आधी आजाराची ओळख.

नागपुरात फुटाळा तलावाला फेरी मारताना ठरावीक अंतरावर पोटरी आवळून येते, नुसते उभे राहिले की काही मिनिटांत मोकळी होते, आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर पुन्हा आवळते. हे धमनीचे दुखणे. सीताबर्डीच्या बाजारात दर चार दुकानांनी थांबून काचेत बघणाऱ्या प्रत्येकाला खरेदीच करायची असते असे नाही. मणक्याचे दुखणे नुसते उभे राहून जात नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. फुगलेल्या शिरा दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी ठणकतात.

खात्री करायला एक भागाकार पुरतो. रुग्णाला दहा मिनिटे झोपवायचे, घोट्यावर पट्टा बांधून डॉपलरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने, वरचा रक्तदाब मोजायचा आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागायचे. उत्तर १ ते १.४ आले तर ठीक, ०.९ किंवा त्याहून कमी आले तर धमनी अरुंद, ०.४ च्या खाली गेले तर पाय धोक्यात. एक खोच आहे. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचतो, पट्टा तिला दाबूच शकत नाही आणि आकडा खोटाच १.४ च्या वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

नुसत्या चालतानाच्या दुखण्यावर पहिला उपाय स्टेंट नसतो. आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटे, दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असे किमान १२ आठवडे. सोबत कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि तंबाखू बंद. एवढ्यानेही भागले नाही, किंवा झोपेतही पाय दुखू लागला, बोटावरची जखम भरेना झाली, तर धमनी उघडायचा विषय निघतो. लांबलचक अडथळा असेल आणि पायातली शीर चांगली असेल, तर शिरेचा बायपास अनेकदा स्टेंटहून सरस ठरतो. हेही रुग्णाला सांगायला हवे.

मुळात या उपचाराची सुरुवात हृदयापासून नव्हे, पायापासूनच झाली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईच्या मांडीतली धमनी नळ्या सरकवून रुंद केली. हृदयाच्या धमनीत ती रुंद करणारा फुगा फुगायला १९७७ साल उजाडले.

आता धातूकडे येऊ. हृदयाचा स्टेंट बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो आणि तो फुग्यावर चढवून फुगवतात. धातू कायमचा ताणला जातो म्हणून तो उघडा राहतो. छातीच्या पिंजऱ्यात त्याला बाहेरून कोणी दाबत नाही. मांडीतला तसा स्टेंट मात्र स्नायूंनी पिळला आणि चेपला जाईल, आणि डब्याला पडलेला पोचा जसा आपोआप निघत नाही तसा चेपलेलाच राहील. म्हणून मांडीत निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू वापरतात, त्याचे नाव निटिनॉल. १९५९ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी त्यावर काम सुरू केले. दात सरळ करायच्या कित्येक तारा याच धातूच्या असतात.

निटिनॉलची गंमत अणूंच्या मांडणीत आहे. गरम असताना मांडणी चौकोनी आणि ताठ असते, तिला ऑस्टेनाइट म्हणतात. थंड झाली की ती तिरकी कलते, ते मार्टेन्साइट. बाजेचे सांधे ढिले झाले की चौकट जशी एका बाजूला कलते तसे हे कलणे आहे : कोणताही अणू शेजारी बदलत नाही, म्हणून परतीची वाट शिल्लक राहते. नळीला लेझरने जाळीदार कापतात, हव्या त्या व्यासाला सुमारे ५०० अंशांवर तापवून तो आकार 'शिकवतात', मग थंड करून दोनेक मिलिमीटरच्या बारीक नळीत कोंबतात. शरीरात बाहेरची नळी मागे ओढली की ३७ अंशांवर स्टेंट आपोआप फुलतो. गार करून दाबलेला स्टेंट मेमधल्या नागपुरात मोकळा ठेवला तर टेबलावरच फुलेल.

पण खरा गुण पुढे आहे. ३७ अंशांवर नुसत्या दाबानेही ऑस्टेनाइट कलते आणि दाब गेला की सरळ होते. साधे पोलाद अर्ध्या टक्क्याच्या आतच कायमचे वाकते, निटिनॉल आठेक टक्के ताणूनही परत येते. शिवाय दाबायला जोर जास्त लागतो आणि उलगडताना तो कमी परत मिळतो. आलेखावर जाण्याची रेघ वर आणि येण्याची खाली, मधे पोकळ फट. या फटीमुळे स्टेंट बाहेरच्या चेपण्याला कडवा विरोध करतो, पण आतून धमनीच्या भिंतीला हळुवार रेटतो. धमनी ६ मिलिमीटरची असेल तर स्टेंट ७ चा घेतात. हावरेपणाने ८ चा बसवला तर रेटा वाढतो, भिंतीतल्या स्नायूपेशी चिडून वाढतात आणि सहा ते बारा महिन्यांत जाळीच्या आत नवे मांस भरते. तक्रार मग 'स्टेंट खराब निघाला' अशी असते.

आता गुडघा. तरुणपणी धमनी रबरासारखी लांबीत ताणलेली असते, गुडघा वाकला की फक्त ताण सैल होतो. वय वाढते तशी भिंतीला लवचीक ठेवणारी इलॅस्टिन तुटते, ताण जातो आणि वाकलेल्या गुडघ्यामागे जास्तीची लांबी 'एस'सारखी घडी घालते. स्टेंटचा भाग फारसा आखडत नाही, म्हणून सगळी घडी त्याच्या टोकाशी पडते. दोन स्टेंट एकावर एक चढवले असतील तर तो जोड आणखी ताठ होतो. १० वर्षांत हृदयाचे ठोके पडतात सुमारे ४० कोटी, एका पायाची पावले होतात साधारण १ कोटी. तरी धातूला दमवतात ती पावलेच. २००५ साली जर्मनीतल्या लायपझिगहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२१ पायांपैकी ४५ पायांत स्टेंट तुटलेले आढळले, आणि जितकी जास्त लांबी तितके तुटणे जास्त. त्यानंतर जाळीची नक्षी बदलली, तारा विणून केलेले लवचीक स्टेंट आले. तरीही जांघेत आणि गुडघ्यामागे स्टेंट शक्यतो टाळतात, तिथे औषध लावलेला फुगा वापरतात. उकिडवे बसताना गुडघा १२० अंशांच्या पुढे वाकतो. देशी संडास, पाटावरचे जेवण, शेतातली निंदणी, यांतले तुम्ही रोज काय करता ते डॉक्टरांना आधीच सांगा.

प्रक्रिया बहुधा जागेपणीच होते. दुसऱ्या बाजूच्या जांघेत, मांडीच्या हाडाच्या डोक्यावर, सुई टोचतात. हाड मागे असले की नंतर धमनी दाबून रक्त थांबवता येते. त्याहून वर टोचले गेले तर रक्त पोटामागे साचते आणि बाहेरून दिसत नाही. मग रक्त गोठू न देणारे हेपारिन, तार, फुगा, स्टेंट. आयोडीनच्या रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर भार पडतो, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन आधी तपासतात आणि ते वाढलेले असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी थांबवतात. पुढे काही महिने बहुधा अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल, हे गुठळी रोखणारे औषध. ते दात काढायचा म्हणून परस्पर बंद करायचे नाही.

लसूण-आले-लिंबू-मध उकळून ब्लॉकेज विरघळवणारा काढा व्हॉट्सअ‍ॅपवर अमर आहे. चुना साचलेली भिंत त्याने विरघळत नाही, विरघळते ती वेळ. बधिर पायाला गरम पाण्याचा शेक तर त्याहून वाईट : चटका कळत नाही आणि भाजलेले भरत नाही. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. 'मी बिडी ओढत नाही, फक्त खर्रा खातो' हा बचाव धमनीला मान्य नाही. तंबाखूमुळे तरुणांना होणाऱ्या बर्जरच्या आजारात तर पावलाकडच्या बारीक धमन्या बुजतात, तिथे स्टेंटचा सहसा उपयोग नसतो. तंबाखू सुटली नाही तर बोटे जातात.

स्टेंट बसल्यावर पाय एकाएकी गार पडला, पांढरा झाला, बोटे हलेनाशी झाली, तर आत गुठळी झाली असे धरायचे. स्नायूंकडे साधारण ६ तास असतात. गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे त्या सहांतला जवळपास निम्मा वेळ रस्त्यातच जातो. तेव्हा मालीश नाही, शेक नाही, 'सकाळी बघू' नाही. गाडी काढायची आणि निघतानाच रुग्णालयात फोन करायचा.