पहाटे चारची नर्स

नर्सने स्वतःची काळजी घ्यावी, असं सगळेच सांगतात. योग करा, भरपूर पाणी प्या, सकारात्मक राहा. सल्ले चुकीचे नाहीत. पण सलग तिसऱ्या नाइटला पहाटे चार वाजता डोळे मिटायला लागले की सकारात्मकता फारशी कामाला येत नाही. तो प्रश्न मनोबलाचा नसतोच, शरीराचा असतो.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. ड्युटी बदलली म्हणून ते लगेच बदलत नाही. ते उजेडावरून वेळ लावून घेतं. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास ते शरीराचं तापमान सगळ्यात खाली आणतं आणि झोपेचा जोर वाढवतं. त्यात जागरणामुळे मेंदूत साचलेल्या ॲडेनोसिन या झोप आणणाऱ्या रसायनाची भर पडते.

आणि वॉर्डात नेमकी याच वेळी कामांची रांग लागते. सकाळच्या तपासण्यांसाठी रक्त घ्यायचं, शुगर बघायची, रात्रभराच्या इनटेक-आउटपुटची, म्हणजे रुग्णाच्या शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची, बेरीज करायची, हँडओव्हरची तयारी करायची. हातात इन्सुलिनची सिरिंज आहे, चार्टवरचा आकडा दोनदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही. हा हलगर्जीपणा नव्हे. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका बिघडतो. अनेक देशांत एवढं मद्य घेतलेल्या माणसाला गाडी चालवू देत नाहीत. औषधं मोजून द्यायला मात्र अशाच अवस्थेतल्या नर्सला आपण बिनदिक्कत उभं करतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डुलकी. वीसेक मिनिटांची, त्याहून लांबली तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर काही वेळ डोकं जड राहतं. म्हणून उठल्या उठल्या औषधाच्या ट्रॉलीला हात लावू नये. कॉफी किंवा चहा डुलकीच्या आधी घेतला तर जाग येईपर्यंत कॅफिनचा असर सुरू झालेला असतो. पण पाचेक तासांनीही त्यातलं जवळपास निम्मं कॅफिन शरीरातच असतं. नऊला घरी जाऊन झोपायचं असेल, तर चारचा कप सोडलेला बरा.

जेवणाचंही तेच. तेच ताट रात्री दोनला खाल्लं, तर दिवसापेक्षा रक्तातली साखर जास्त वर जाते, कारण रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं. पोटभर जेवण ड्युटीच्या आधी, मध्यरात्रीनंतर थोडंसं. घरी आल्यावर खोलीत मिट्ट काळोख हवा. आणि पेंग येत असताना गाडी चालवत निघण्यापेक्षा हॉस्पिटलमध्येच थोडा वेळ पडून मग निघावं.

रात्रपाळीचा शरीरावर होणारा परिणाम आपल्याला कळला, तोही बराचसा नर्सेसमुळेच. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या ‘नर्सेस हेल्थ स्टडी’त लाखाहून अधिक नर्सेसनी वर्षानुवर्षं स्वतःच्या तब्येतीची माहिती भरून दिली. रात्रपाळी आणि कर्करोगाचा संबंध तपासताना ही माहिती मोलाची ठरली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं. घाबरून जायचं कारण नाही: हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.

खरी मेख ड्युटीच्या तक्त्यात आहे. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, म्हणून उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम त्यामुळे सोसतो. उलटा क्रम जड जातो. दुपारची ड्युटी रात्री संपवून पहाटे पुन्हा हजर व्हायला लावणं तर सगळ्यात वाईट, कारण मधल्या वेळातून जाणं-येणं आणि जेवण वजा केलं की झोपेला पाच-सहा तासही मुश्किलीने उरतात. तक्ता नर्स स्वतः बनवत नाही. तो जो बनवतो, त्याने योगशिबिर भरवण्याआधी हा क्रम सुधारावा आणि डुलकीसाठी एक काळोखी खोली द्यावी.