सदतीसला एकचा चढ आणि तीन वेगळी इंजिनं

मॉडेल रेल्वे सुरू करताना बहुतेकांचं असं होतं की आधी एखादं इंजिन मनात भरतं, ते घेतलं जातं, आणि मग त्याच्याभोवती डोंगर, बोगदा, स्टेशन असं सगळं उभं राहतं. खऱ्या रेल्वेत क्रम बरोब्बर उलटा असतो. आधी डोंगर असतो, नदी असते, त्या भागात मिळणारा कोळसा आणि पाणी असतं, आणि मग कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसतो की इथे कसलं इंजिन चालेल. म्हणून एखाद्या ठराविक भागाचं मॉडेल करायचं असेल तर कॅटलॉगच्या आधी त्या भागाचा नकाशा उघडा असं मी अगदी कळकळीने सांगेन. का, ते एका चढावरून सांगतो.

सदतीसला एक. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. रस्त्यावर कारवाल्याला असा चढ जाणवतसुद्धा नाही, रेल्वेसाठी मात्र हा चांगलाच खडा घाट आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला लिकीचा चढ, स्वित्झर्लंडमधला गोटहार्ड आणि सह्याद्रीतला कर्जत-लोणावळा बोर घाट, या तिन्ही ठिकाणी चढाचा आकडा जवळपास हाच. आता आकडा एकच तर इंजिनंही सारखी असायला हवीत ना? तर नाही, आणि खरी मजा तिथेच आहे.

आधी चढ काय करतो ते बघू. स्टीलचं चाक स्टीलच्या रुळावर इतकं हलकं फिरतं की सपाटीवर एक टन वजन हळूहळू चालतं ठेवायला साधारण ४ किलोचा जोर पुरतो. सदतीसला एकच्या चढावर त्याच एका टनाला १००० भागिले ३७, म्हणजे २७ किलो आणखी लागतात. एकदम ४ चे ३१. पण चाक ज्या गुळगुळीतपणामुळे हलकं फिरतं त्याच गुळगुळीतपणामुळे ते घसरतंही, कोरड्या रुळावर इंजिन स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा जोर लावू शकतं, त्यापुढे चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागतात. म्हणजे १०० टनांचं, सगळी चाकं ओढणारी असलेलं इंजिन घेतलं तर जोर २५ टन. कागदावर सपाटीला हे ६००० टनांची गाडी ओढेल, आणि घाटात स्वतःचं वजन धरून फक्त ८०० टन. रूळ ओले झाले की तेही कमी, म्हणून तर चाकांपुढे रुळावर टाकायला इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. तेव्हा घाटात पहिला प्रश्न इंजिनाची ताकद किती हा नाहीच, ओढणाऱ्या चाकांवर वजन किती पडतंय हा आहे.

आता लिकी बघा. चढ जेमतेम ३ किलोमीटरचा आणि जवळजवळ सरळ. वळणं नसल्यामुळे तिथल्या लोकांनी एकाच ताठ फ्रेममध्ये दहा चाकं एका ओळीत बसवली, दहाच्या दहा ओढणारी, पुढे-मागे नुसतं वजन वाहणारं एकही चाक नाही. १९१९ साली डर्बीच्या कारखान्यात हे एकच इंजिन बांधलं, त्याला सगळे बिग बर्था म्हणायचे, आणि ते १९५६ पर्यंत एकच काम करत राहिलं, खालून गाडीला मागून ढकलत वर न्यायचं आणि परत खाली यायचं. अशा ढकलणाऱ्या इंजिनाला बँकर म्हणतात.

गोटहार्डला हे चाललं नसतं. तिथे उत्तरेकडचा एर्स्टफेल्ड ते गोशेनेन हा चढच २९ किलोमीटर आहे आणि रूळ दरीत वळत वळत जातात, वासेन गावाचं चर्च गाडीतून तीनदा दिसतं, तेही दर वेळी वेगळ्या उंचीवरून. ताठ फ्रेमचं लांबलचक इंजिन अशा वळणांवर रूळ घासून खाईल. शिवाय माथ्यावर १५ किलोमीटरचा बोगदा, त्यात वाफेच्या इंजिनाचा धूर, आणि देशात कोळसा जवळपास नाही पण धबधबे भरपूर. पहिल्या महायुद्धात बाहेरचा कोळसा आटला तसं विजेचं काम घाईने पुढे सरकलं आणि १९१९ पासून प्रसिद्ध क्रोकोडिल इंजिनं आली, मधे केबिन आणि दोन्ही बाजूंना लांब नाकं, ती नाकं चाकांबरोबर वळतात. इंजिन तीन तुकड्यांत असल्यामुळे वळणावर ते खरंच मगरीसारखं वाकतं. लोकांना तो आकार सुंदर वाटतो आणि तो आहेच, पण तो कोणी सौंदर्यासाठी काढलेला नाही, त्या दरीने काढून घेतलाय.

बोर घाट या बाबतीत गोटहार्डचा भाऊ. सुमारे २८ किलोमीटर, वळणं, बोगद्यांची रांग. १९२०च्या दशकाच्या शेवटी इथे १५०० व्होल्ट डीसीवर वीज आली आणि मालगाड्यांसाठी जी इंजिनं आणली, पुढे ज्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले, त्यातली पहिली दहा बांधली स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये, क्रोकोडिल बांधणाऱ्याच कारखान्यात. बाकीची ३१ इंग्लंडमध्ये. दोन्ही इंजिनांचे फोटो शेजारी ठेवा, तीच वळणारी नाकं, चाकांना जोडणारे तेच दांडे, घराण्याची ठेवण लपत नाही. आपल्याकडे लोकांनी याला खेकडा नाव दिलं. एकाच कारखान्याने एकाच प्रश्नाला दिलेलं उत्तर एका देशात मगर झालं आणि दुसऱ्या देशात खेकडा, मला ही गोष्ट फार आवडते.

आता हे मॉडेलमध्ये आणताना एक अडचण येते ती वळणांची. एचओ स्केल म्हणजे ८७ पट लहान. गोटहार्डचं ३०० मीटर त्रिज्येचं वळण या मापात जवळजवळ साडेतीन मीटर होतं, एवढी जागा कुणाकडे असते? बाजारातल्या नेहमीच्या लहान वळणांची त्रिज्या असते ३६ सेंटीमीटर, म्हणजे खऱ्या मापात ३१ मीटर, तिथे खरं मोठं इंजिन उभंही राहू शकणार नाही. मॉडेल बनवणारे मधल्या चाकांना आडवी ढील देतात, काही चाकांची कड काढून टाकतात, त्यामुळे चालतं, पण लांब इंजिन वळणावर गेलं की त्याचं नाक रुळाच्या बाहेर हवेत लटकतं आणि डोळ्याला खटकतं. क्रोकोडिल इथे सुटते, कारण ती खऱ्यातही वाकायलाच बनवलेली आहे. म्हणून जागा लहान असेल तर भाग निवडतानाच लहान इंजिनांचा निवडावा, ब्रँच लाइन म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेला छोटा फाटा, नॅरो गेज म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, खाणीची किंवा बंदराची लाइन. मेन लाइनची २४ डब्यांची गाडी एचओमध्ये साडेसहा मीटर होते, तीच पाच डब्यांवर आणली की पुढचं भलंमोठं इंजिन उगाच आल्यासारखं दिसतं. चार डब्यांपुढे छोटं टँक इंजिन, म्हणजे कोळसा-पाणी स्वतःवरच वाहणारं, मात्र अगदी खरं वाटतं, कारण खरी ब्रँच लाइन तशीच होती.

वजनाचंही असंच. १२८ टनांची क्रोकोडिल लांबी, रुंदी, उंची तिन्हींत ८७ पट लहान केली तर वजन साडेसहा लाख पटींनी कमी होतं आणि हिशोबाने फक्त १९४ ग्रॅम उरतं. म्हणून मॉडेलच्या आत धातूची वजनं घालतात आणि एखाद-दोन चाकांना रबराची रिंग बसवतात. तरीही घाट हा घाटच राहतो, सदतीसला एकने रूळ १० सेंटीमीटर वर न्यायचे तर ३ मीटर ७० सेंटीमीटर लांबी लागते, आणि मॉडेलमध्येही मागून बँकर लावला की गाडी दिमाखात वर जाते.

चढाइतकाच परिणाम कोळसा आणि पाणी करतात, पण मॉडेलवाले तिकडे फारसं बघत नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या भागात अँथ्रासाइट नावाचा कठीण कोळसा मिळतो, त्याचा बारीक चुरा स्वस्त होता पण तो हळू जळतो, त्याला पसरट रुंद भट्टी लागते, इतकी रुंद की मागे ड्रायव्हरला पुढचं दिसेना, मग केबिनच उचलून बॉयलरच्या मधोमध ठेवली. त्यांना कॅमलबॅक म्हणतात. असं इंजिन कॅलिफोर्नियाच्या लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, ठेवलं तर जाणकार माणूस लगेच थबकेल. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगरात बोगदे आणि बर्फापासून वाचवणारे लांब लाकडी मांडव होते, धुराने ड्रायव्हर गुदमरायचे, म्हणून सदर्न पॅसिफिकने केबिन थेट पुढे आणली आणि चिमणी मागे गेली. हे जमलं कारण ती इंजिनं तेलावर चालायची, पुढे बसलेल्या फायरमनला मागून कोळसा कसा पोचवणार हा प्रश्नच नव्हता.

पाण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं कारू. कोरडा प्रदेश, पाण्याची मारामार, म्हणून १९५३ ते १९५५ मध्ये क्लास २५ या प्रकारची ९० इंजिनं आणली, जी वापरलेली वाफ बाहेर न टाकता मागच्या लांबलचक टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, पंख्यांनी थंड करून परत पाणी करायची. वाफ चिमणीतून सुटतच नव्हती, म्हणून हे इंजिन छुक-छुक आवाज करत नव्हतं, त्याचा एक चढा घूं असा आवाज यायचा. तेव्हा या इंजिनाच्या मॉडेलमध्ये साउंड डिकोडर, म्हणजे आवाज काढणारी छोटी चकती, बसवताना नेहमीचा छुक-छुक टाकला तर ते चुकतं. आणि १९७० च्या दशकात यातल्या बहुतेकांची वाफ थंड करणारी यंत्रणा, म्हणजे कंडेन्सर, काढून साधी इंजिनं केली, म्हणजे त्यानंतरचं साल धरलंत तर छुक-छुक परत बरोबर. साल बदललं की आवाजही बदलतो.

सालाबद्दल म्हणूनच पक्कं व्हा. एक भाग आणि चार-पाच वर्षांचा काळ, एवढं ठरवलं की अर्धी यादी आपोआप गळते. डब्ल्यूपी हे गोल नाकाचं वाफेचं इंजिन १९४७ पासूनचं, देखणं आहे, पण डेक्कन क्वीन १९३० मध्ये सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर, त्यामुळे बोर घाटात तिच्यापुढे डब्ल्यूपी लावणं बरोबर नाही. तारेचंही बघावं लागतं. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये वीज एकच, १५ हजार व्होल्ट, तरी स्विस पेंटोग्राफ, म्हणजे तारेला टेकणारी छपरावरची चौकट, १४५ सेंटीमीटर रुंद आणि जर्मन १९५, कारण स्विस बोगदे अरुंद, त्यामुळे नेहमीचा रुंद पेंटोग्राफ असलेलं जर्मन इंजिन गोटहार्डवर चालणार नाही. छपरावरच्या एवढ्याशा पट्टीवरून कळतं की मॉडेल करणाऱ्याने अभ्यास केलाय की नाही.

आणि शेड. प्रत्येक इंजिनाचं एक घर असतं, तिथे ते धुतलं जातं, दुरुस्त होतं, आणि ते घर त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. भारतात शेडचं नाव बॉडीवर रंगवतात, जर्मनीत केबिनच्या बाजूला, ब्रिटिश रेल्वेच्या वाफेच्या काळात समोरच्या गोल दारावर खाली एक छोटी लंबगोल पाटी, ८१ए असेल तर लंडनचं ओल्ड ओक कॉमन. तुमच्या भागाचे त्या काळातले फोटो मोठे करून करून बघा, आधी तेवढी पाटी वाचा, मग नंबर. पंधरा-वीस फोटोंत कळतं की तीन-चार क्लास परत परत येतात आणि नावाजलेलं इंजिन एखाद्याच फोटोत आहे. मॉडेलवरही तेच प्रमाण ठेवा, कळकट, नेहमीची मालगाडीची इंजिनं जास्त आणि झळाळतं एक्सप्रेसचं एखादंच. फोटोत पाण्याच्या क्षारांचे पांढरे ओघळ बॉयलरवर दिसले तर तेही रंगवा, त्या भागाचं पाणी जड होतं याचा तो पुरावा आहे.

लिकीचं मॉडेल कोणी करत असेल तर बिग बर्थाच्या समोरचा तो मोठा विजेचा दिवा विसरू नका. रात्री अंधारात पुढे उभ्या गाडीच्या शेवटच्या डब्याला हळूच जाऊन टेकायचं असायचं, नेमकं किती अंतर उरलंय ते दिसावं म्हणून तो बसवला होता.