बेडूक कुठल्याही सिनेमात: मपेट मॅशअपची पार्श्वभूमी

हिरवा बेडूक ट्रेंचकोट घालून पावसात निऑन दिव्यांखाली उभा आहे, किंवा डुकरीण जहाजाच्या टोकावर हात पसरून उभी आणि मागे तोच बेडूक जीव मुठीत धरून रेलिंगला चिकटलाय, असली चित्रं तुम्ही कधी ना कधी बघितलीच असतील. ह्या बाहुल्या म्हणजे अमेरिकन टीव्हीवरचे मपेट्स, तो बेडूक कर्मिट आणि ती डुकरीण मिस पिगी, आणि दोन वेगळ्या गोष्टींची अशी सरमिसळ केली की तिला मॅशअप म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं की फोटोशॉप आलं, लोकांना रिकामा वेळ मिळाला आणि हे सुरू झालं. खरं तर उलटं आहे. ह्या बाहुल्यांना दुसऱ्याच्या सिनेमात घुसवायचं काम सगळ्यात आधी त्या बनवणाऱ्यांनीच केलं, आणि इतकी वर्षं केलं की फॅन मंडळींना फक्त पुढे चालवायचं होतं.

तसं बाहुल्यांकडून गाजलेल्या गोष्टीची टर उडवणं टीव्हीच्या कितीतरी आधीचं आहे. 1773 साली लंडनच्या हेमार्केट थिएटरात सॅम्युएल फूट नावाच्या नटाने बाहुल्यांचा एक प्रयोग लावला होता, त्यात त्या काळात चलती असलेल्या रडक्या, सद्गुणी नायिकांच्या नाटकांची चेष्टा होती. भाबडी मोलकरीण, तिचे पवित्र उसासे वगैरे सगळं, फक्त ते लाकडी बाहुलीच्या तोंडी. बाहुली गंभीर संवाद बोलली की संवादातला फुगा आपोआप फुटतो हे तेव्हाच लोकांना कळलं होतं. पण तो मधला सगळा इतिहास मी इथे उगाळत नाही, कारण आजची फॅन-आर्ट बघितली तर तिचा धागा थेट एका माणसापर्यंत जातो, मपेट्सचा कर्ता जिम हेन्सन.

1955 मध्ये हेन्सन कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता आणि वॉशिंग्टनच्या एका टीव्ही स्टेशनवर त्याला रोजचा पाच मिनिटांचा कार्यक्रम मिळाला, सॅम अँड फ्रेंड्स. सोबत जेन नेबेल होती, पुढे त्याची बायको झाली. पहिला कर्मिट ह्याच कार्यक्रमातला, आईच्या टाकून दिलेल्या कोटाच्या कापडाचा आणि डोळ्यांना पिंगपाँगचा बॉल अर्धा कापून. तेव्हा तो बेडूक वगैरे नव्हता, नुसतं काहीतरी पालीसारखं. आता ह्या कार्यक्रमात बाहुल्या करायच्या काय, तर दुसऱ्यांच्या गाजलेल्या रेकॉर्डवर ओठ हलवायच्या. बाजारात मिळणारं गाणं लावायचं, कर्मिटला विग चढवायचा आणि त्याने ते प्रेमगीत जीव ओतून म्हटल्याचा आव आणायचा. म्हणजे बघा, पहिल्या दिवसापासून हा धंदाच दुसऱ्याचा माल आणि आपली बाहुली एकत्र करायचा होता. मॅशअप हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं एवढंच.

त्याने अजून एक गोष्ट केली जी दिसायला किरकोळ आहे. बाहुल्यांचं ते छोटं पडदेवालं स्टेज त्याने काढूनच टाकलं, टीव्हीची चौकट हेच स्टेज. त्यामुळे बाहुलीचा क्लोजअप आणि नटाचा क्लोजअप सारखाच दिसायला लागला. आज आपण सिनेमाच्या फ्रेममधून हिरोला उचलून तिथे कर्मिट बसवतो आणि तो तिथे चपखल बसतो, त्याची मुळं इथे आहेत, कारण ह्या बाहुल्या जन्मापासून कॅमेऱ्याच्या मापाच्याच आहेत. दोऱ्यांवर लटकणाऱ्या बाहुलीचं असं होत नाही, ती कुठेही टाकली तरी तिचं स्टेज तिच्याबरोबर येतं.

नंतर 1969 ला सेसमी स्ट्रीट हा लहान मुलांना शिकवणारा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि तिथे विडंबन हा रीतसर अभ्यासक्रमाचा भाग झाला असं म्हणायला हरकत नाही. मुलांसोबत मोठ्यांनीही बसून बघावं ही बनवणाऱ्यांची इच्छा होती, कारण आईबाप सोबत असले तर मूल जास्त शिकतं, मग आईबापांना हसायला काहीतरी पाहिजेच की. त्यातून मॉन्स्टरपीस थिएटर आलं. कुकी मॉन्स्टर नावाची बाहुली मखमली जॅकेट घालून मोठ्या खुर्चीत बसणार, हातात पाईप, आणि अभिजात कलाकृतीची ओळख करून देणार. मग हिचकॉकच्या एका गाजलेल्या थ्रिलरचं नाव थोडं वाकवून ग्रोव्हर नावाची दुसरी बाहुली एकोणचाळीस पायऱ्या मोजत चढणार आणि वर पोचल्यावर समोर विटांची भिंत. किंवा झाडाखाली दोघं एल्मो नावाच्या बाहुलीची वाट बघत बसलेत आणि एल्मो काही येत नाही, तीन वर्षांच्या पोराला बेकेटचं वेटिंग फॉर गोदो नाटक! पोराला आकडे शिकायला मिळतात आणि बापाला बेकेट, दोघंही खूश. माझ्या मते आजपर्यंत झालेल्या सगळ्या मपेट मॅशअपमध्ये ह्या तुकड्यांच्या तोडीचं फार थोडं आहे, कारण विनोद वरवरच्या कपड्यांवर थांबत नाही, मूळ कलाकृती माहीत असणारा वेगळं हसतो आणि माहीत नसणारा वेगळं.

1976 ला मपेट शो आला, इंग्लंडमध्ये शूट होऊन जगभर दाखवला जाणारा, आणि त्यात पिग्ज इन स्पेस नावाचं कायमचं सदर होतं, अंतराळ मालिकांची सरळसरळ खेचाखेची. त्यात 1980 ची एक गंमत आहे. त्या वर्षी मार्क हॅमिल मपेट शोमध्ये पाहुणा म्हणून आला, स्टार वॉर्सचा हिरो लूक स्कायवॉकर बनून, सोबत त्याच सिनेमातले दोन्ही रोबो आणि च्युबॅका. आणि त्याच वर्षी स्टार वॉर्सच्या दुसऱ्या सिनेमात योडा नावाचा बाहुला आला, ज्याच्या आत हात होता फ्रँक ऑझचा, म्हणजे मिस पिगी आणि फॉझी अस्वल चालवणाऱ्या ऑझचाच. स्टार वॉर्सवाल्या जॉर्ज लुकासने आधी हेन्सनलाच विचारलं होतं, हेन्सनने ऑझचं नाव सुचवलं. आता डुकरिणीचा आवाज आणि जेडाय गुरूचा आवाज एकाच गळ्यातून येतोय म्हटल्यावर फॅन लोकांनी पिगीला स्टार वॉर्सची राजकन्या लेया आणि कर्मिटला लूक करायचं नाही तर काय करायचं. मपेट आणि स्टार वॉर्स ही जोडी फॅन-आर्टमध्ये एवढी का दिसते ह्याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं, ती जोडी फॅन लोकांनी लावलीच नाही मुळी, ती आधीच लागलेली होती. पुढे 2004 ला मपेट्स डिस्नेकडे गेले आणि 2012 ला लुकासफिल्मही डिस्नेने घेतली, त्यामुळे आता दोन्ही एकाच मालकाच्या घरात आहेत.

पण ज्याचं नाव ह्या इतिहासात फारसं कोणी घेत नाही ते म्हणजे मपेट बेबीज. 1984 ते 1991 चाललेलं कार्टून, बाहुल्या नाहीत, चित्रं. पाळणाघरातली छोटी कर्मिट-पिगी-गॉन्झो कंपनी कल्पनेचे खेळ खेळते आणि कपाटाचं दार उघडलं की आत खरोखरच्या सिनेमाच्या क्लिप्स! स्टार वॉर्सची यानं, इंडियाना जोन्सचे सीन, जुने कृष्णधवल सिनेमे, आणि त्यात हे चित्रातले पिल्लू मपेट्स धावतायत. म्हणजे शब्दशः मॅशअप, दर शनिवारी सकाळी, टीव्हीवर. नंतर ह्या मालिकेच्या डीव्हीडी नीट निघाल्याच नाहीत, क्लिप्सच्या हक्कांचा गुंता इतका की सोडवणार कोण. जी पोरं हे बघत वाढली तीच पुढे दोन हजारच्या दशकात टॅबलेट घेऊन ड्रॉइंग करत बसली, आणि लहानपणी दर आठवड्याला जे बघितलं ते हातातून उतरणारच.

बरं, हे एवढं जमतं कशामुळे? म्हणजे दुसरी कार्टून पात्रं पण आहेत की जगात, मग मपेट्सच का? एक कारण चेहरा. हेन्सनकडे डॉन साहलिन नावाचा बाहुल्या घडवणारा होता, डोळे, बुबुळं आणि नाक ह्यांचं अंतर तो असं बसवायचा की बाहुली नेमकी तुमच्याकडेच बघतेय असं वाटतं. ते अंतर पकडलं की बाकी काहीही बदला, हेल्मेट घाला, दाढी लावा, ओळख पुसत नाही. चित्र काढणाऱ्यांनाही हे लगेच कळतं, कर्मिटच्या बुबुळातली ती आडवी रेघ चुकली की तो कुठलाही बेडूक होतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मपेट कधीच भूमिकेत विरघळत नाही. पिगी राणी झाली तरी ती राणीचं काम मिळालेली पिगीच असते आणि कॅमेरा आपल्याकडेच हवा म्हणून कोपर मारत असते. हे लोक एक नाटक कंपनी आहेत, वैतागलेला मॅनेजर, भाव खाणारी नटी, न जमणारे जोक मारणारं अस्वल, स्फोटात सापडणारा बिचारा बीकर, बाल्कनीतून शिव्या घालणारे दोन म्हातारे. म्हणून चित्रातला खरा विनोद कास्टिंगमध्ये असतो. कुठल्याही सिनेमात आधी बळी जाणारं पात्र बीकरला द्या, काम झालं. आणि जे चित्रकार नुसते कपडे बदलून सोडून देतात त्यांचं चित्र एकदा बघून विसरायला होतं, भले रंगकाम कितीही सुंदर असो.

हेन्सनवाल्यांनी स्थिर चित्रांमध्ये पण आधीच हात मारला होता. 1984 ला कर्मिटाज कलेक्शन नावाने पुस्तक आलं, जगप्रसिद्ध पेंटिंग्जमध्ये मपेट्स, बॉटिचेल्लीच्या व्हीनसच्या जागी शिंपल्यात कोण उभी असेल ते सांगायला नको. पण त्यासाठी स्टुडिओ, सेट, फोटोग्राफर, कपडे शिवणारे अशी फौज लागायची. 1990 ला फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली आणि फौजेची गरज संपली.

मग 1997 ला आलं बर्ट इज एव्हिल. डिनो इग्नासिओ नावाच्या फिलिपिनो तरुणाची वेबसाइट, सेसमी स्ट्रीटचा तो सरळमार्गी पिवळा बर्ट, त्याला इतिहासातल्या बदनाम लोकांच्या फोटोंमध्ये घुसवायचं आणि म्हणायचं बघा हा सगळीकडे होता. पुरस्कारही मिळाला, लोकांनी स्वतःची चित्रं बनवून भर घातली, त्यात एकाने बर्टला ओसामा बिन लादेनच्या शेजारी उभं केलं. ऑक्टोबर 2001 मध्ये ढाक्यातल्या मोर्चाच्या फोटोत लादेनच्या पोस्टरवर कोपऱ्यात बर्ट दिसला! पोस्टर छापणाऱ्यांनी नेटवरून लादेनचे फोटो उतरवले, त्यात हा पण आला, कोणाच्या लक्षातच आलं नाही. सेसमीवाले हादरले, इग्नासिओने स्वतःहून ते सगळं काढून टाकलं. नेटवर टाकलेला विनोद संदर्भ सोडून कुठेही पोचू शकतो हे आज सगळ्यांना माहितीय, तेव्हा ते एका पिवळ्या बाहुलीमुळे कळलं.

2000 ला चित्रकारांची वेबसाइट डेव्हियंटआर्ट, 2008 ला टी-शर्टवाली वेबसाइट टीफ्युरी, जिथे एक डिझाईन चोवीस तास विकायचं आणि बंद, ह्यामुळे मॅशअपला प्रेक्षक आणि थोडाफार पैसा दोन्ही मिळाले. लॉस एंजेलिसच्या गॅलरी 1988 ने 2007 पासून कल्ट सिनेमांवरच्या चित्रांची प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली, म्हणजे हा प्रकार भिंतीवर फ्रेम होऊन लागायला लागला. आणि मग मजा बघा, 2011 ला मपेट्सचा नवीन सिनेमा आला तेव्हा डिस्नेने जाहिरातीच अशा केल्या की जणू फॅन लोकांनी बनवल्यात, खोट्या रोमँटिक कॉमेडीचा ट्रेलर, ट्वायलाइटच्या पोस्टरची नक्कल, ड्रॅगन टॅटूवाल्या थ्रिलरची नक्कल. वर्तुळ पूर्ण म्हणतात तसं.

कायद्याचं मात्र वर्तुळ काही पूर्ण होत नाही. अमेरिकेत 1994 च्या कॅम्पबेल खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर विडंबनाला बरंच संरक्षण मिळालं, पण अट ही की तुम्ही ज्याची नक्कल करताय त्याच्यावरच काहीतरी भाष्य पाहिजे. मॅशअपची पंचाईत इथे होते, दोन गोष्टी एकत्र केल्या म्हणजे भाष्य झालं का? लहान मुलांची पुस्तकं लिहिणाऱ्या डॉ. स्यूसच्या शैलीत स्टार ट्रेकची पात्रं घालून केलेल्या पुस्तकावर डिसेंबर 2020 मध्ये अपील कोर्टाने नाही म्हणून सांगितलं, खालच्या कोर्टाचा निकाल फिरवून. ह्यात हेन्सनवाल्यांची स्वतःची गोष्ट भारी आहे. 1996 च्या ट्रेझर आयलंडवरच्या मपेट सिनेमात स्पाम नावाचं रानडुक्कर होतं, म्हणून स्पॅम डबाबंद मांसवाल्या हॉर्मेल कंपनीने खटला भरला आणि हेन्सन कंपनी जिंकली, कोर्टाने विडंबन मान्य केलं. आपल्या विनोदासाठी कोर्टात भांडलेले हे लोक आहेत. उलट 2018 ला सेसमीने बाहुल्यांच्या एका अॅडल्ट सिनेमाच्या टॅगलाईनवरून खटला टाकला तेव्हा कोर्टाने त्यांना मनाई हुकूम दिला नाही.

सध्याचा खेळ वेगळाच आहे, सिनेमा घ्या, सगळी माणसं काढून मपेट्स टाका, फक्त एकच माणूस ठेवा, कोणता? ह्याचं मूळ 1992 च्या, डिकन्सच्या ख्रिसमस कॅरोलवरच्या मपेट सिनेमात आहे, हेन्सन 1990 ला गेल्यानंतरचा पहिला, त्याच्या मुलाने दिग्दर्शित केलेला. ब्रिटिश नट मायकेल केन त्यात कंजूष म्हातारा स्क्रूज आहे आणि समोर चिंध्यांचे बेडूक-उंदीर असताना पण तो शेक्सपिअर करत असल्यासारखा काम करतो, एकदाही डोळा मारत नाही. म्हणून तो एक माणूस निवडणं महत्त्वाचं, जो सगळ्यात कमी हसेल तो. 1 जानेवारी 2021 ला द ग्रेट गॅट्सबी हे कादंबरीचं पुस्तक अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळं झालं आणि नेटवर पहिली मागणी काय, तर मपेट गॅट्सबी. लगोलग चित्रं आली, फॅन लोकांनी पटकथा पण लिहिली.

2022 पासून एआयने हे सेकंदात व्हायला लागलं, कर्मिट ह्या सिनेमात, कर्मिट त्या सिनेमात, रांगच्या रांग. सुरुवातीची ती वितळलेल्या चेहऱ्यांची चित्रं मला आवडली होती, नंतर ती जितकी सफाईदार झाली तितकी कंटाळवाणी, कारण मशीन कपडे बरोबर घालतं पण बीकरला कुठे उभं करायचं हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. आणि जून 2025 मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सलने एआयने चित्रं बनवणाऱ्या मिडजर्नी कंपनीवर खटला भरला, पुरावा म्हणून जोडलेल्या चित्रांमध्ये ऑझचा तो योडा पण आहे.