चालू पानात मजकूर भरण्यामागचा इतिहास

विधानसभेच्या मतमोजणीच्या दिवशी मांद्रेपासून काणकोणपर्यंतच्या ४० मतदारसंघांचे आकडे गोव्यातील वाचकाच्या मोबाइलवर पान पुन्हा न उघडता बदलत जातात. उघडलेल्या पानात जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेने नवा मजकूर घालण्याची ही सोय टप्प्याटप्प्याने घडली असून तिच्यातील आजचे धोकेही त्याच घडणीतून आलेले आहेत.

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीसाठी ही भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली. त्या वेळी मजकूर घालण्याचा मुख्य मार्ग ‘डॉक्युमेंट डॉट राइट’ हा होता. ब्राउझर पान वरून खाली वाचत असतानाच ही आज्ञा त्या प्रवाहात आपली भर टाकत असे. मात्र पान पूर्ण वाचून झाल्यावर ती दिली, तर आधीचे सारे पुसले जाऊन तेवढा नवा मजकूर उरे. आजही ती तशीच वागते.

१९९७ मध्ये चौथ्या आवृत्तीच्या दोन ब्राउझरांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. नेटस्केपने ‘लेयर्स’ (पानातील मजकुराचे वेगळे थर) आणले, तर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने ‘इनरएचटीएमएल’ दिले, ज्यामुळे कोणत्याही घटकाच्या आतील मजकूर एका ओळीत बदलता येऊ लागला. परिणामी एकाच पानासाठी दोनदा कोड लिहिणे भाग पडले. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेलची (डॉम) पहिली पातळी जाहीर केली आणि पानाकडे अक्षरांची सलग ओळ म्हणून न पाहता घटकांचे झाड म्हणून पाहण्याची रीत प्रमाण ठरली: ‘क्रिएट एलिमेंट’ने घटक तयार करायचा, ‘क्रिएट टेक्स्ट नोड’ने मजकूर आणि ‘अपेंड चाइल्ड’ने तो योग्य फांदीला जोडायचा. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच होय, कारण मजकूर आणि मांडणीच्या खुणा यांतील भेद त्याने कोडमध्येच स्पष्ट केला.

तरीही लोकांच्या हातात बसले ते इनरएचटीएमएलच, कारण ते आटोपशीर होते आणि बरेचदा वेगवानही. प्रमाणाबाहेर जन्मलेली ही सोय पुढे एचटीएमएल-५ (पानाची मांडणी लिहिण्याच्या भाषेची पाचवी आवृत्ती) च्या काळात प्रमाणात आली. २००६ मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्ट कोडच्या संग्रहाने दोन्ही रीती सोप्या केल्या. तिच्यासारखाच थेट ‘अपेंड’ ब्राउझरांमध्ये आला तो त्यानंतर सुमारे दशकाने.

किंमत मात्र मोजावी लागली. चवथीच्या शुभेच्छा वाचकांकडून मागवून त्या इनरएचटीएमएलने पानात ओतणारे एखादे संकेतस्थळ घ्या. त्या मार्गाने आलेला ‘स्क्रिप्ट’ टॅग (कोड घालण्याची एचटीएमएलची खूण) ब्राउझर चालवत नाही, हे खरे. पण न सापडणाऱ्या चित्राच्या टॅगला ‘ऑनएरर’ (चूक झाल्यास चालवायचा कोड) जोडला, तर त्यातील कोड इतर प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर ‘सॅमी’ नावाचा किडा (स्वतःच पसरणारा कोड) असाच वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरातून शिरला आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरला. वास्तविक निव्वळ मजकुरासाठी ‘टेक्स्ट कंटेंट’ हा गुणधर्म डॉमच्या तिसऱ्या पातळीत २००४ मध्येच आला होता, आणि त्यातून घातलेला टॅग केवळ अक्षरे म्हणून दिसतो. शुभेच्छांच्या पानाला एवढे पुरेसे आहे.

२०२० मध्ये क्रोमच्या ८३ व्या आवृत्तीत ‘ट्रस्टेड टाइप्स’ आले. संकेतस्थळाने तसे धोरण लावल्यास इनरएचटीएमएलला साधी अक्षरमाला देताच ब्राउझर ती नाकारतो आणि त्रुटी दाखवतो.